खाल्लेलं अक्षर

तो अर्ज मी आजही विसरलेलो नाही, आणि गंमत म्हणजे त्यात लक्षात ठेवावं असं काहीच नव्हतं. पाठपोट लिहिलेला एक कागद, खाली निळा अंगठा आणि वर आमच्या आवक कारकुनाचा वाकडा शिक्का. पनवेल भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. जमिनीचे असे अर्ज रोज यायचे. आमच्या हद्दीत माणसं सकाळी काकी-पुतणे म्हणून उठायची आणि दुपारी अर्जदार-गैरअर्जदार म्हणून माझ्यासमोर येऊन बसायची.

अशा अर्जांसाठी पोलीस खात्यात एक सुंदर वाक्य आहे. 'सदरची बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने अर्जदारास न्यायालयात दाद मागणेबाबत समज देण्यात आली.' हे वाक्य लिहिलं की अर्ज दप्तरी दाखल होतो, साहेबाचं टेबल मोकळं होतं आणि चहा गरम असतानाच पिता येतो. मी ते वाक्य आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब वर गेल्यावर द्यावाच लागणार आहे. त्या दिवशीही मी पेनाचं टोपण काढलं होतं.

अर्जदार समोर उभी होती. सत्तरीच्या घरातली आगरी बाई, नेसण गुडघ्याच्या वर खोचलेलं, कपाळ मोकळं. नवरा मिठागरात राबून गेला. मूलबाळ नाही. मिठागराच्या जुन्या बांधालगत तिचं दोन खोल्यांचं घर होतं आणि अंगणात शेंदूर लावलेला वेताळदेव. तक्रार एवढीच की दिराच्या मुलानं रेशनकार्डाचा कागद आहे असं सांगून तिचा अंगठा घेतला, आणि तो कागद निघाला घरासकट जमीन एका बिल्डरला विकसनासाठी देण्याचं संमतीपत्र. घर पाडायला सोमवारी जेसीबी येणार होता. त्या दिवशी गुरुवार होता.

मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "खुर्चीवर बसलं का मानूस लवकर उठतंय. मी लवकर उठनार नाय."

मी पेनाला टोपण लावलं.

गैरअर्जदाराला बोलावणं धाडलं आणि तो अर्ध्या तासात हजर झाला. निरोप मिळताच हजर होणारा माणूस एक तर निर्दोष असतो, नाही तर तयारी करून आलेला असतो. हा पुतण्या चाळिशीचा, पांढराशुभ्र शर्ट, जमिनीच्या दलालीत मुरलेला, मराठी स्वच्छ आणि मध्ये मध्ये इंग्रजीची फोडणी. बोलण्याआधी त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर असा ठेवला, जसा पत्त्यात शेवटचा एक्का टाकतात.

"सर, काकी माझ्या आईसारखी आहे. मी एक शब्द बोलत नाही. तुम्ही फक्त ऐका," म्हणाला.

आम्ही ऐकलं. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग, बरोबर एकोणीस सेकंदांचं. आधी पुतण्याचा आवाज विचारतो, काकी, त्या जमिनीचं काय मग? म्हातारी म्हणते, "ती जमीन देवाची हाय." तो विचारतो, नक्की ना? ती चिडून म्हणते, "आता किती वेला सांगू? देवाची मंजे देवाची." संपलं.

मी घाटावरचा माणूस. मला वाटलं, यानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. मी म्हटलं, शेठ, ती तर म्हणतेय जमीन देवाची आहे, म्हणजे वेताळाची. तुम्ही देवाशी करार केलात काय?

तो इतका गोड हसला की मला त्याच क्षणी त्याचा संशय आला. "सर, आमच्या बोलीत 'देवाची' म्हणजे 'द्यायची'. जावाचं म्हणजे जायचं, खावाचं म्हणजे खायचं, तसं देवाची. ती म्हणतेय, जमीन द्यायची आहे. पाहिजे तर तुमच्या हवालदारांना विचारा."

माझे हवालदार उरणच्या कोळीवाड्यातले. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, साहेब, दोन्ही होतं. देवाची म्हणजे देवाची पण, आणि द्यायची पण. पुढं-मागं काय बोलली त्यावर ठरतं. आणि पुढं-मागं तर काही नव्हतंच. एकोणीस सेकंदांत म्हातारीचं घर त्या एका शब्दावर लोंबकळत होतं.

आता माझी तपासाची एक जुनी खोड सांगतो. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं वाटलं तर मी त्याला अडवत नाही. उलट त्याला प्रशस्त जागा करून देतो, चहा मागवतो आणि तो सांगेल ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतो. मी पुतण्याचा सविस्तर जबाब घेतला. रेकॉर्डिंग कुठं केलं, काकीच्या ओटीवर. किती वाजता, दुपारी बाराच्या सुमारास. मग अगदी सहज विचारलं, हे सगळं रेकॉर्डिंग आहे ना, की थोडं आहे? तो म्हणाला, सर, ए टू झेड. मी ते मराठीत लिहिलं: 'सदरचे रेकॉर्डिंग संपूर्ण असून त्यात मी कोणतीही काटछाट केलेली नाही.' त्यानं खाली झोकदार सही ठोकली. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्रही त्यानं तत्परतेनं भरून दिलं. पेनड्राइव्ह पंचांसमक्ष ताब्यात घेतला. जाताना त्यानं काकीच्या पायाला हात लावला. म्हातारीनं पाय मागे घेतला नाही, हे मी पाहिलं.

तो गेल्यावर मी तिला रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवलं. ती संगणकाकडं बघत म्हणाली, "मी येवरंच बोलले? मी?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, अपमान होता. तिचं म्हणणं, त्या दिवशी ती एवढं बोलली की शेजारीण भिंतीपलीकडून ऐकून हसत होती. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो आहे. खाडीपट्ट्यातली म्हातारी बाई दोन वाक्यांत कधी थांबत नाही. तिला थांबवायला एक तर भरती यावी लागते किंवा पाहुणा.

पण हे काही कोर्टात सांगता येत नाही.

आमच्या ठाण्यात सायबरचं काम बघणाऱ्या एक महिला पोलीस नाईक होत्या. संगणकाची पदवी घेतलेली, दोन मुलांची आई, कायम डब्यातला चिवडा खात काम करायच्या आणि साहेबाला 'नाही' म्हणताना त्यांना काही वाटायचं नाही. त्यांनी रीतसर मूळ पेनड्राइव्ह सीलबंद केला, त्याची प्रत काढली, दोन्हीची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा, जुळवून पंचनाम्यात नोंदवली आणि प्रतीवर काम सुरू केलं. पाच मिनिटांत मला हाक मारली.

"सर, एकोणीस सेकंदांच्या आवाजाला पावणेदोन एमबी पुरतात. ही फाईल दीडशे एमबीची आहे."

हे मला लगेच कळलं. लेबलावर पाव किलो लिहिलंय आणि पुडकं उचलताना हात दुखतोय, असला माल मी मुद्देमाल खोलीत बराच पाहिला आहे.

बाईंनी मला फाईल समजावून सांगितली, आणि मी ती अशी समजून घेतली. आवाजाची ही फाईल म्हणजे एका पोत्यात एकामागे एक भरलेली पुडकी. त्या त्यांना चंक म्हणत होत्या. प्रत्येक पुडक्यावर आधी चार अक्षरी इंग्रजी नाव, मग वजन, मग आतला माल. वाचणारा प्रोग्राम नाव बघतो, वजन बघतो, ओळखीचं असेल तर उघडतो आणि अनोळखी असेल तर वजनाएवढी उडी मारून पुढच्या पुडक्यावर जातो. फोनवर आपण आवाज ऐकतो तेव्हा फोन फक्त 'data' नावाचं पुडकं उघडतो, बाकीच्यांशी त्याला देणंघेणं नसतं.

"मी आता लायब्ररी वापरून एकेक चंक वाचते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, लायब्ररी पाचला बंद होते, आणि तिथं वर्तमानपत्राशिवाय कोणी काही वाचताना मी पाहिलेलं नाही. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पुढची दहा मिनिटं मी गप्प बसलो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी तरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम. आपण आपल्या चार ओळी लिहायच्या आणि वाचण्याची हमाली त्याच्यावर सोपवायची.

लायब्ररीनं पहिलं पुडकं वाचलं, 'fmt' आणि चौथ्या अक्षराची रिकामी जागा: आवाज कोणत्या पद्धतीनं साठवलाय त्याची माहिती. दुसरं 'data': आवाज, एकोणीस सेकंदांचा. तिसऱ्याचं नाव आलं 'UNK' आणि पुढं न वाचता येणाऱ्या अक्षराच्या जागी एक चौकोनी भूत. वजन आलं ते आख्ख्या पोत्याहून जास्त. लायब्ररीनं हात वर केले, फाईल खराब आहे असा लाल शेरा मारला आणि थांबली. बाईंनी पुन्हा चालवली. पुन्हा तेच. दुसरी लायब्ररी आणली, तीही त्याच जागी अडखळली. शुक्रवारची दुपार त्यातच गेली. शनिवारी सकाळी त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, सर, न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडं पाठवू, त्यांच्याकडं चांगली साधनं आहेत.

प्रयोगशाळेकडं पाठवायचं होतंच. पण तिथून उत्तर यायला महिने लागतात आणि जेसीबी सोमवारी येणार होता. बाहेर म्हातारी तिसऱ्या दिवशीही भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, बाई, मला अजून कोणी पटवलेलं नाही की हे जमणार नाही. पुन्हा दाखवा.

हवालदार स्टेशन डायरी घेऊन सहीसाठी आले होते. हवालदारांचा आणि माझा एक जुना वाद होता. ते बोलतात 'आमी', आणि घाईत लिहितातही 'आमी'. मी 'ह' घाला म्हणून त्यांचे रिपोर्ट परत करायचो. त्यांनी पडद्यावर वाकून पाहिलं आणि विचारलं, "बाई, नाव चार अक्षरीच असतंय ना? का तीन पन चालतंय?"

बाई म्हणाल्या, चारच.

हवालदार माझ्याकडं वळले. "सायेब, आमी अक्षर खातो तवा तुमी लगेच पकडता. ह्यानी पन पयलं अक्षर खाल्लंय. जरा मागं जाऊन बघा."

बाईंनी कपाळावर हात मारला. त्या पुडक्यांचा नियम असा की माल विषम वजनाचा भरला तर शेवटी एक रिकामा बाईट टाकून सम करायचा. आम्ही पंचनाम्यात उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारतो, तसंच. लायब्ररी नियमानं चालणारी, म्हणून ती तो रिकामा बाईट गृहीत धरून एक पाऊल पुढं पडत होती. पण ज्या कोणी ही फाईल कापली, त्याच्या ॲपनं तो रिकामा बाईट टाकलाच नव्हता. बाईंनी लायब्ररीला एक पाऊल मागं घेतलं. पडद्यावर चार अक्षरं उमटली: JUNK.

म्हणजे कचरा. हे नावही नियमातलंच निघालं. या नावाचं पुडकं कोणीही उघडू नये, सरळ ओलांडून जावं असं ठरलेलं. कापणाऱ्या ॲपनं वेळ वाचवायला नको असलेला आवाज पुसलाच नव्हता, त्यावर 'कचरा' अशी चिठ्ठी लावून जागच्या जागी ठेवला होता. आता मी तुम्हाला खात्यातलं गुपित सांगतो. घरझडतीला गेल्यावर नवा पोलीस कपाट उघडतो. जुना पोलीस आधी केराची बादली पालथी करतो.

लायब्ररी कचरा वाजवून द्यायला तयार नव्हती. बाईंनी स्वतःच्या सहा-सात ओळी लिहून तो माल बाहेर काढला आणि वाजवला. नुसती खरखर. हवालदारांचा चेहरा पडला. पण आता बाई पेटल्या होत्या. हा आवाज दोन-दोन बाईटच्या जोड्यांनी लिहिलेला असतो, त्या म्हणाल्या, आणि इथंही एक बाईट सरकलाय, म्हणून प्रत्येक जोडीत एकीचा नवरा आणि दुसऱ्याची बायको उभी आहे. त्यांनी पहिला बाईट सोडून दिला आणि पुन्हा वाजवलं.

एक बारीक टिक् झालं आणि म्हातारी बोलायला लागली.

ती वेताळदेवावर बोलली, सासऱ्यावर बोलली, देवाची जमीन माणसानं इकाची नसते म्हणाली, बिल्डरच्या गाडीच्या काचेवर बोलली आणि पुतण्याच्या शर्टावरही. पुतण्या मध्येच म्हणतो, बरं काकी, राहू दे जमिनीचं, मला नको. हा रेशनकार्डाचा कागद आलाय, तेवढा अंगठा दे, नाही तर तुझं धान्य बंद होईल. मग डबी उघडल्याचा आवाज. शाईची असावी. त्याच्या पुढंही रेकॉर्डिंग चालू होतं. तो भाग आम्ही तिघांनी शेवटपर्यंत ऐकला, आणि मी पुतण्याला बोलावणं धाडलं.

दुपारी तीनला पुतण्या पुन्हा माझ्यासमोर होता. मी त्याचा गुरुवारचा जबाब त्यालाच मोठ्यानं वाचायला लावला. 'संपूर्ण असून त्यात मी कोणतीही काटछाट केलेली नाही' इथपर्यंत तो झोकात आला. मग मी बाईंना खूण केली. आधी एकोणीस सेकंद, टिक्, आणि पुढं.

रेशनकार्डाचं वाक्य आलं तेव्हा तो खुर्चीत पुढं सरकला. म्हणाला, सर, हे एआयनं बनवलेलं असू शकतं, आजकाल काहीही बनवता येतं. मी म्हटलं, असू शकतं, प्रयोगशाळा सांगेल. पण फाईल तुमची, प्रमाणपत्र तुमचं, सही तुमची. ऐका, अजून आहे.

शाईची डबी बंद होते. मग म्हातारीचा आवाज: "आता बारा वाजल्यान, उपाशी कया चाललास? तांदलाची भाकर हाय, बोंबील तललंन. बस." तो नको म्हणतो. ती पुन्हा बस म्हणते. मग ताट ठेवल्याचा आवाज, आणि नंतर बराच वेळ नुसता एक माणूस जेवतोय त्याचा आवाज.

एआयचा मुद्दा त्यानं पुन्हा काढला नाही. त्यानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. "बंद करा, सर," म्हणाला. "मी सांगतो." आणि त्यानं सांगितलं: 'देवाची' या शब्दाचे दोन अर्थ निघतात हे त्याला घरी गेल्यावर रेकॉर्डिंग ऐकताना सुचलं, आणि पुढचं कापून टाकलं. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी कबुलीवर थांबलो नाही. त्याच संध्याकाळी फसवणुकीचा गुन्हा दाखल केला, फोन आणि संमतीपत्र जप्त केलं, सीलबंद मुद्देमाल प्रयोगशाळेकडं रवाना केला आणि बिल्डरला लेखी कळवलं की तुमच्या हातातला कागद आता गुन्ह्यातला पुरावा आहे. सोमवारी जेसीबी आला. आमची गाडी त्याच्याआधी तिथं उभी होती. हवालदारांनी चालकाला चहा पाजला आणि परत पाठवलं. पुढं म्हातारीच्या वकिलानं दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. प्रयोगशाळेचा अहवाल मी निवृत्त झाल्यावर आला, आणि तो आमच्या बाईंच्या टिपणाशी तंतोतंत जुळला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. संगणक शिकवला असं त्यांना वाटतं. तो मला आजही येत नाही. मला माझे जुने जबाब आठवले. 'आपण विचारलेवरून सांगते की' असं सुरू करून, मला हवं ते उत्तर आलं की मी 'एवढाच माझा जबाब आहे' असं लिहून अंगठा घ्यायचो. माणसं त्यानंतरही बोलत असायची. उठता उठता, पदर सावरत, दारापर्यंत जाताना. ते मी लिहिलं नाही, कारण ते विचारलं नव्हतं. कुणी चिठ्ठी लावली नव्हती, पण माझ्या लेखी तो कचराच होता. शेवटच्या चार महिन्यांत मी टेबलावर दोन कागद जास्तीचे ठेवायला लागलो. चहा मात्र थंड प्यावा लागला.

म्हातारीचा पुरवणी जबाब घ्यायला मी स्वतः बसलो. तिला अख्खं रेकॉर्डिंग ऐकवलं. अंगठ्याचा भाग तिनं मान हलवत ऐकला. जेवणाचा भाग आला तेव्हा मात्र तिनं विचारलं, हे पण कोर्टात वाचतील काय? मी म्हटलं, रेकॉर्डिंग पूर्ण जातं, काकी, त्यातलं काही गाळता येत नाही.

तिला तो जेवणाचा भाग लोकांसमोर नको असावा असं मला वाटलं. लाज कोणाची वाटत होती, तिची की त्याची, हे मला कळलं नाही. मग तिनं बोटानं माझ्या कागदावर टकटक केलं.

"मंग नीट लिव, सायेब. दोन भाकरी खाल्ल्यान त्यानी. माज्या दारातशी उपाशी नाय गेला."

मी लिहिलं, आणि खाली रेघ मारली नाही.